गाठी मोजल्या, माणसे राहून गेली : वऱ्हाडचा कापूस आणि गुलामगिरीचा इतिहास

जमैकात १८१७ साली गुलामांची सरकारी नोंदणी सुरू झाली. प्रत्येक मळेवाल्याने आपल्याकडच्या माणसांची यादी शपथेवर भरून द्यायची. रकाने ठरलेले होते: नाव, वर्ण, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात पुष्कळदा आईचे नाव असे. पुढे दर तीन वर्षांनी कोण जन्मले आणि कोण मेले तेही लिहावे लागे. या वह्या आज लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादची माणसे त्यांत आपले खापरपणजोबा शोधतात आणि काहींना ते सापडतातही. नाव मालकाने ठेवलेले असते आणि वय अंदाजाने टाकलेले असते. पण माणूस तिथे एकेकटा नोंदलेला असतो, कारण तो मालमत्ता होता आणि मालमत्तेची यादी करावीच लागते.

आता वऱ्हाडात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावकडे या. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खास खामगावला आले होते. जलंबहून खामगावपर्यंतचा जेमतेम आठ मैलांचा रेल्वे फाटा त्यांच्या हस्ते खुला झाला. त्या काळातले कापूस खात्याचे अहवाल उघडले की गाठी, दर, स्थानके आणि लिव्हरपूलचे भाव यांचे तक्ते पानोपानी भेटतात. ती पऱ्हाटी कोणी पेरली, निंदली आणि वेचली, त्या माणसांची नावे मात्र त्यांत नाहीत. ती माणसे कोणाच्या मालकीची नव्हती. त्यामुळे त्यांची यादी करण्याचे कारण कोणाला पडले नाही.

बुलढाण्यात बसून कॅरिबियन बेटांचा विचार कशाला करायचा, असे कोणी विचारील. मला तो संबंध ओढूनताणून आणलेला वाटत नाही. उलट वऱ्हाडच्या काळ्या मातीचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास त्या बेटांपासूनच सुरू करावा लागतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी लँकेशायरच्या नव्या गिरण्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणात कॅरिबियनच्या मळ्यांतून येई, आणि तो गुलामांच्या हातचा असे. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या सां-दोमँग या वसाहतीत गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये तिचे हैती झाले. त्याच दशकात, १७९३ साली, अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले. कापूस बेटांवरून अमेरिकेच्या दक्षिणेत सरकला, आणि गुलामीही त्याच्यामागोमाग तिकडे वाढली. १८६० पर्यंत त्या देशात सुमारे चाळीस लाख गुलाम होते. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार-पंचमांश कापूस एकट्या अमेरिकेतून येत होता.

हिंदुस्थानचे नाव यात दोन बाजूंनी घेतले जाऊ लागले. गिरणीवाल्यांना एकाच देशावर विसंबणे धोक्याचे वाटत होते. दुसरी बाजू गुलामीविरोधी मंडळींची होती. १८३९ मध्ये इंग्लंडात ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली. जॉर्ज टॉम्प्सनसारखे वक्ते सांगत फिरत की हिंदुस्थानातल्या स्वतंत्र शेतकऱ्याचा कापूस स्वस्तात मिळाला तर अमेरिकेतली गुलामी आपोआप बसेल. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने काय केले ते पाहा. गुलामांवर मळे चालवणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेतूनच दहा जाणकार पगारावर बोलावले आणि इथल्या शेतकऱ्याला कापूस शिकवायला धाडले. धारवाडकडे थोडेफार जमले, बाकी प्रयोग फसले.

वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते १८५३ च्या तहाने. कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाच्या डोक्यावर होती, तिच्यापोटी हा मुलूख त्यांच्या हवाली झाला. त्यात कापूस हे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही, पण कापसाची जमीन म्हणून वऱ्हाडचा लौकिक तोवर मँचेस्टरला पोचला होता. १८५७ मध्ये तिथे कॉटन सप्लाय असोसिएशन निघाली. १८६१ मध्ये वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमीन पाहणी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे बंद केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना टाळी लागू लागली.

पुढची चार वर्षे मुंबईच्या इतिहासात शेअरबाजाराच्या वेडासाठी गाजली. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची भरणी आणि १८६५ ची पडझड सर्वांना ठाऊक आहे. त्या पैशाच्या मुळाशी असलेला शेतकरी मात्र त्या गोष्टीत क्वचितच येतो. आला तर बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवणारा उधळ्या म्हणून येतो. हा किस्सा इंग्रजी वर्णनांत इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणचा म्हणून भेटतो की मला तो खरा वाटत नाही. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की त्याला उधळपट्टीचा शिक्का मारण्याची सवय साहेबांपासून आजच्या बाबूंपर्यंत चालत आली आहे.

खामगावचा बाजार या तेजीने जन्माला घातलेला नाही. १८२० च्या सुमारास तिथे तूप, सूत आणि कापूस यांची दुकाने लागली होती. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर जाई. एक वाट मुंबईची होती आणि दुसरी थेट गंगाकाठच्या मिर्झापूरची, पाचशे मैलांची. ही वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होती. १८६० च्या दशकात लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पूर्वेकडे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगाव मुख्य मार्गापासून थोडे बाजूला पडले होते, म्हणून तो आठ मैलांचा फाटा. त्याच १८७० साली समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली. इथल्या अडत्याला लिव्हरपूलचा भाव आता तासांच्या हिशेबात कळू लागला. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला तो कोणी सांगत नसे.

हंगामात बाजाराला गाड्यांची रीघ लागायची. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवत, आणि मालाचा धनी बाजूला उभा राहून चेहऱ्यांकडे पाहत राही. मग वजन, मग कटती, मग आधीच्या उचलीची वजावट. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, तिच्या निम्म्याची म्हणजे ३९२ पौंडांची गाठ. सरकी काढायचे काम आधी घरोघरच्या बायका रेच्यावर करत. वाफेची जिने आणि प्रेस आल्यावर ते घरातून उठून कारखान्यात गेले. स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या फोल्कार्ट ब्रदर्ससारख्या कंपन्या खामगावात कापूस घेऊन गाठी दाबू लागल्या. स्वित्झर्लंडकडे एकही वसाहत नव्हती, तरी वसाहतीच्या व्यापारात ते हात धुऊन घेत होते. फोल्कार्टची जुनी दप्तरे विंटरथूरला जपलेली आहेत आणि क्रिस्टोफ डेयुंग यांनी त्यांच्या आधारे या कंपनीचा चांगला इतिहास लिहिला आहे.

मध्य प्रांत-वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांचे अहवाल या सगळ्याचा मोठा आधार आहेत. माणूस हुशार आणि लिहायला मोकळा होता. रेल्वेचे फाटे झाले की विलायती कापड इतके स्वस्त येईल की देशी विणकराचे कापड विकले जाणार नाही, अशी आशा त्यांनी न लाजता मांडली आहे. मग सुताला लागणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील. वसाहतवादाची व्याख्या हुडकत अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. इथे एका अधिकाऱ्याने ती अहवालातच लिहून ठेवली आहे.

आता अभ्यासकांकडे वळू. एरिक विल्यम्स यांचे ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ १९४४ मध्ये आले. विल्यम्स त्रिनिदादचे, पुढे त्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले. कॅरिबियनच्या गुलामीतून इंग्लंडच्या उद्योगाला भांडवल मिळाले, आणि ती गुलामी केवळ दयाबुद्धीने नव्हे तर परवडेनाशी झाली म्हणून संपली, असा त्यांचा दावा होता. त्याच्या तपशिलावर आजही वाद चालतो. पण हिशेबाच्या वह्या उघडायची वाट त्यांनी घालून दिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ पासून तीच वाट पुढे नेली. १८३३ च्या कायद्याने गुलाम सुटले तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, आणि ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यासाठी आलेले हजारो दावे या संशोधकांनी नावानिशी सर्वांना खुले केले. आपला कोणता मोठा घराणेदार माणूस त्या पैशावर वाढला हे इंग्रज वाचकाला घरबसल्या पाहता येते. २०१३ मध्ये कॅरिबियन देशांनी भरपाईच्या मागणीसाठी आयोग नेमला तेव्हा अशा कागदांचे मोल आणखी वाढले.

वऱ्हाडच्या वाट्याला असा अभ्यास उशिरा आला. पीटर हार्नेटी यांनी १९७२ मध्ये लँकेशायर आणि हिंदुस्थान सरकार यांच्यातली ओढाताण मांडली. पण वऱ्हाडला मध्यभागी ठेवून लिहिले ते लक्ष्मण सत्या यांनी. त्यांचे ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ १९९७ चे. सत्यांचे म्हणणे असे की जंगल आणि गायराने सरकारजमा झाली, ज्वारीची जमीन कापसाकडे गेली, गुरे खंगली आणि कर्ज वाढले. म्हणून १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ इतके जीवघेणे ठरले. शिरगणतीचे आकडे त्यांच्या बाजूला उभे राहतात. १८६७ मध्ये वऱ्हाडची वस्ती सुमारे २२ लाख होती, १८९१ पर्यंत ती २९ लाखांच्या घरात गेली आणि १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली.

स्वेन बेकर्ट यांच्या ‘एम्पायर ऑफ कॉटन’ने २०१४ मध्ये खामगावला जगाच्या नकाशावर नेले. मिसिसिपी, लिव्हरपूल आणि खामगाव एकाच गोष्टीत गुंफायची त्यांची ताकद मोठी आहे. पण त्या ग्रंथातले खामगाव दिसते ते इंग्रजी अहवालांतून आणि सत्यांच्या पुस्तकातून. खुद्द सत्यांचा आधारही मुख्यतः इंग्रजीच आहे. त्यामुळे शेतकरी दोघांच्याही पानांवर येतो तो भरडला जाणारा म्हणून. निर्णय घेणारा म्हणून तो क्वचित दिसतो.

उलट बाजूने मिशेल मॅकॲल्पिन यांचे १९८३ चे पुस्तक वाचावे. ते मुंबई इलाख्यावर आहे. भाव पाहून शेतकरी पीक बदलत होता, नगदी पिकामुळे अन्नधान्य हटले असे सरसकट म्हणता येत नाही आणि रेल्वेने धान्यही आणले, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो अर्धाच पटतो. शेतकरी शहाणपणाने पेरत होता हे खरे. पण दोन वाईटांतून एक निवडायलाही शहाणपण लागतेच. ज्याच्या अंगावर सारा रोख भरायचा आहे आणि सावकाराची उचल कापसावरच मिळते, त्याच्या निवडीला बाजाराचे स्वातंत्र्य म्हणणे जरा जास्तच होते.

तरीही याला गुलामगिरी म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. व्यासपीठावरून ‘आमचा शेतकरी इंग्रजांचा गुलाम होता’ असे म्हटले की टाळ्या पडतात. जमैकाच्या मळ्यावरची आई आपले मूल विकले जाताना थांबवू शकत नव्हती. खामगावचा कुणबी कर्जाने पिचला तरी त्याचे मूल त्याचेच होते, आणि तो गाव सोडून जाऊ शकत होता. हा फरक पुसला तर दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सद्‌गृहस्थांना अर्पण केली, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्यांनी तुलना केली ती जातीच्या दास्याशी, आणि ती डोळे उघडे ठेवून केली. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना मात्र त्यांनी सारा, कर्ज, कोर्ट, भट-कामगार असा एकेक धागा वेगळा काढून दाखवला. ती शिस्त आपण सोडू नये.

दुसरीकडे, गुलामी म्हणजे काहीतरी सातासमुद्रापारचे, असाही समज सोडावा लागेल. वऱ्हाडची इमादशाही १४९० मध्ये स्थापणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला मुलगा होता. मलिक अंबर तर इथिओपियाचा. मोखा, बगदाद अशा बाजारांतून विकला जात तो दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. सिंदखेडराजाचे लखुजीराव जाधव त्याच निजामशाहीत होते. पुढे ते मोगलांना मिळाले आणि १६१६ च्या सुमारास रोशनगावच्या लढाईत अंबरच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. जिजाऊंचे माहेर पाहायला सिंदखेडराजाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे हबशी प्रकरण आठवते? अंबरची जमीनधारा मात्र वऱ्हाडच्या खेड्यांत त्याच्यानंतरही आठवणीत राहिली.

अर्थात या लष्करी गुलामीत वर चढायची वाट होती. उसाच्या मळ्यावर ती नव्हती. आणि अंबरसारखे वर चढले ते मोजकेच. मराठेशाहीतल्या कुणबिणींना, म्हणजे दासींना, कुठलीच वाट नव्हती. पेशवे दप्तरात त्यांची नावे, वये आणि किमती सापडतात. सुमीत गुहा यांनी त्यावर नेमके लिहिले आहे. म्हणजे इथेही तेच दिसते. विकत घेतलेल्या बाईचे नाव कागदावर आले, आणि तिच्याच गावात मजुरीने निंदणाऱ्या बाईचे आले नाही. १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. इथल्या कोर्टांनी गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा झाला तो १८४३ मध्ये.

गिरमिटाचा, म्हणजे करारबद्ध मजुरीचा, भाग थोडक्यात आवरतो. कॅरिबियनमध्ये गुलाम सुटल्यावर मळ्यांवर हिंदी मजूर नेले गेले, १८३८ पासून ब्रिटिश गयानाला आणि १८४५ पासून त्रिनिदाद-जमैकाला. ते बहुतेक भोजपुरी मुलखातले आणि मद्रासकडचे. मराठी माणूस गेला तो मुख्यतः रत्नागिरीहून मॉरिशसला. तिथे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची नावे, गावे, अंगावरच्या खुणा आणि काहींची छायाचित्रेही आहेत. वऱ्हाडातून तेव्हा माणसे बाहेर जात नव्हती, उलट कापसाच्या हंगामाला बाहेरची येत होती.

मग वऱ्हाडच्या माणसांची नावे शोधायची कुठे? पहिली अडचण सरहद्दीची. १८७० मध्ये खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून इकडे आले ते १९०५ च्या फेररचनेत. त्यामुळे नेल्सन यांनी संपादलेले १९१० चे बुलढाणा गॅझेटियर घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला अकोल्याचेही कागद चाळावे लागतात, आणि त्याआधी लायल यांचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर. दुसरी अडचण राज्यसत्तेची. कायद्याने वऱ्हाड निजामाचाच मुलूख होता, म्हणून वरच्या पातळीवरचा पत्रव्यवहार हैदराबाद रेसिडेन्सीच्या दप्तरात गेला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. बुलढाण्याच्या या. मा. काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. एका वकिलाने जिल्ह्याच्या गावी बसून केलेले ते काम आजही हाताशी ठेवावे असे आहे. पण त्यांचा ओढा राजवटींकडे होता, बाजाराकडे नाही.

माझ्या मते खरा साठा कर्जाच्या कागदांत आहे. गहाणखते, खरेदीखते आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे पाहावेत. शेतकऱ्याचे नाव, बापाचे नाव, शेत, मुद्दल आणि व्याज हे सगळे तिथे उतरते. जमैकाची वही मालकीमुळे झाली, वऱ्हाडची देण्यामुळे. बायका मात्र इथेही निसटतात. वेचणीची मजुरी पुष्कळदा वेचलेल्या कापसातल्या वाट्याने मिळे, तिची पावती कोण देणार? पहिल्या वेचणीला शेतात सीतादही घालण्याची रीत, वेचणाऱ्यांची टोपणनावे, कोणत्या गावच्या टोळ्या कुठे जात, हे अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडी मिळेल. मेरी प्रिन्स या गुलाम बाईने १८३१ मध्ये आपली हकिकत सांगून छापवली. तसे वऱ्हाडच्या कापसाबद्दल एका वेचणाऱ्या बाईचे पुस्तक आपल्याकडे नाही. जात्यावरच्या ओव्या आहेत, पण कापसाच्या इतिहासासाठी त्या चाळायचा कंटाळा विद्यापीठांनी आजवर निष्ठेने केला.

आणि लिप्या. गावचे जुने दप्तर मोडीत, निजामी कारभाराचे कागद फारशीत, मारवाडी पेढ्यांच्या वह्या मुडियात. मोडीचे वर्ग गावोगाव निघतात आणि ते चांगलेच आहे. मुडियाकडे कोणी वळत नाही. त्या लिपीत काना-मात्रा जवळजवळ नसतात. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली, हा व्यापाऱ्यांचा जुना विनोद आहे. वऱ्हाडच्या कर्जाचा इतिहास लिहायचा तर ही लिपी शिकलेले दोन-चार विद्यार्थी तयार करावे लागतील. आकडे तिच्यात स्वच्छ वाचता येतात. ऋणकोचे नाव मात्र गाव, शेत आणि जामीनदार यांचा मेळ घालून लावावे लागते.